साय-फायमधल्या भविष्यात पैसा खरंच संपतो का?

स्टार ट्रेक या अमेरिकन सायन्स फिक्शन मालिकेवरच्या, १९८६ साली आलेल्या चौथ्या सिनेमात एक अगदी छोटा सीन आहे. अंतराळयानाचा कॅप्टन कर्क आणि त्याची टीम तेविसाव्या शतकातून मागं येऊन सॅन फ्रान्सिस्कोत उतरते, आणि रस्त्यावर आल्याआल्या कर्कच्या लक्षात येतं की इथं लोक अजून पैसे वापरतात आणि आपल्या खिशात तर काहीच नाही. मग तो आपला जुना चष्मा, जो डॉक्टर मकॉयनं त्याला वाढदिवसाला दिलेला असतो, अँटिकच्या दुकानात शंभर डॉलरला विकतो आणि ते पैसे सगळ्यांत वाटून देतो. पुढं तो आणि त्याच्या टीममधला स्पॉक बसमधे चढतात आणि दुसऱ्या क्षणाला दोघंही खाली उतरतात, आणि स्पॉक, ज्याला सगळं गणित येतं तो स्पॉक, कर्कला विचारतो की सुट्टे म्हणजे काय.

त्याच सिनेमात पिझ्झा खाताना बिल द्यायची वेळ येते तेव्हा समोरची बाई म्हणते, तेविसाव्या शतकात पैसे नसतात असं आता सांगू नकोस. कर्क म्हणतो, नसतातच. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा शाळेत होतो. आमच्या घरी महिनाअखेरीला डायरीत हिशोब लिहिला जायचा आणि त्या हिशोबावरून आई-बाबांची कुरबूर व्हायची, त्यामुळे पैसाच नसलेलं जग ही कल्पना मला वार्प स्पीडपेक्षा, म्हणजे प्रकाशापेक्षा जोरात जायच्या त्यांच्या युक्तीपेक्षा, मोठी वाटली होती. अजूनही वाटते. म्हणून तेव्हापासून सायन्स फिक्शन वाचताना माझं लक्ष कायम या एका गोष्टीवर असतं, की इथल्या लोकांचं दुकान कसं चालतं, जेवणाचे पैसे कोण देतं, घरभाडं असतं का, कर्ज असतं का. आणि इतकं वाचून झाल्यावर मला वाटतं की पैसा आहे की नाही एवढंच विचारलं तर हाताला फार काही लागत नाही. त्याऐवजी दोन गोष्टी बघाव्यात. एक म्हणजे त्या जगात तुटवडा कशाचा आहे, आणि दुसरं म्हणजे एकाचं दुसऱ्याला काही देणं लागत असेल तर ते फिटतं कसं. या दोन गोष्टी कळल्या की लेखकानं पैसा कुठं ठेवलाय ते आपोआप दिसतं, त्यानं नाही म्हटलं तरी.

आधी पैसा करतो काय ते बघू, आणि त्यासाठी स्टार ट्रेकचाच एक एपिसोड एकदम फिट आहे. डीप स्पेस नाईन नावाची सिरीयल, १९९७ चा एपिसोड. जेक सिस्को नावाच्या पोराला आपल्या वडलांना, म्हणजे अंतराळातल्या एका स्टेशनच्या कॅप्टनला, एक गिफ्ट द्यायचंय कारण युद्धाच्या टेन्शननं ते पार खचलेत. गिफ्ट म्हणजे विली मेज या बेसबॉल खेळाडूचं १९५१ सालचं कार्ड, जे लिलावात आलंय. आता जेक पडला माणूस, आणि माणसांकडं पैसाच नाही, म्हणून तो आपल्या दोस्ताकडं, नॉगकडं जातो. नॉग फेरेंगी आहे, फेरेंगी म्हणजे पक्की व्यापारी जमात, त्यानं पैपै करून साठवलेलं असतं. नॉग म्हणतो, तुझे पैसे वापर. जेक म्हणतो, आम्ही स्वतःला आणि मानवजातीला सुधारण्यासाठी काम करतो, आम्हाला पैशाची गरज नाही. नॉग म्हणतो, मग माझ्या पैशाचीही गरज नसणार. जेक त्याला कसंबसं तयार करतो पण लिलावात दुसराच एक डॉक्टर ते कार्ड घेऊन जातो, आणि त्या डॉक्टरला पैसे नकोच असतात. त्याला त्याच्या प्रयोगासाठी सामान हवं असतं. मग पुढचा सगळा एपिसोड ही दोन पोरं स्टेशनभर धावतात, इंजिनियरकडं सामान मागायला जातात तर त्याचं काम आधी करून द्यावं लागतं, स्टेशनच्या डॉक्टरकडं जातात तर त्याला त्याचं लहानपणचं टेडी बेअर जुन्या मैत्रिणीकडून परत हवं असतं, कुणाला भाषण लिहून हवंय, कुणाला ऑपेराच्या रेकॉर्डिंगमधली खरखर काढून हवीय, आणि ही एवढी साखळी पूर्ण झाली की मग कुठं ते एक कार्ड हातात येतं.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात वस्तुविनिमयाची अडचण म्हणून जे दोन पानं समजावतात ते इथं पाऊण तासात दिसतं. माझ्याकडं जे आहे ते तुला नेमकं हवं असलं पाहिजे, आणि तुझ्याकडचं मला, आणि तेही आत्ता. हे जुळत नाही तेव्हा मधे काहीतरी लागतं, जे सगळेच घेतील. तेच पैसा. त्यात मोजमाप होतं, ते साठवून ठेवता येतं आणि ते देऊन मोकळं होता येतं. मोकळं होणं हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडं मी परत येणार आहे.

आता फेडरेशनमधे, म्हणजे स्टार ट्रेकमधल्या माणसांच्या आणि इतर ग्रहांच्या संघात, पैसा नाही म्हणतात तो कशाच्या जोरावर, तर रेप्लिकेटरच्या. भिंतीतला एक कोनाडा, त्याला सांगायचं गरम चहा, की कपासकट चहा हजर. कपडे, औषधं, सुटे भाग, सगळं त्यातनंच. ज्या वस्तूची एक कॉपी काढायला जवळपास काहीच खर्च येत नाही तिची किंमत शून्याकडं जाते. आपल्याकडं गाण्यांचं हेच झालं की, कॅसेटच्या दुकानात रांग लावणारा माणूस आज मोबाईलवर एका बोटात कोट्यवधी गाणी ऐकतो. हाच न्याय भाकरीला, शर्टाला, औषधाला लागला तर? त्याला लोक पोस्ट-स्कॅर्सिटी म्हणतात, म्हणजे तुटवडा संपल्यानंतरचं जग.

पण तुटवडा सगळ्याचा संपत नाही, आणि त्यातच खरी गंमत आहे. त्याच सिरीयलमधे कॅप्टन सिस्कोच्या वडलांचं न्यू ऑर्लिन्समधे रेस्टॉरंट आहे, ते स्वतः हातानं रांधतात आणि लोक आवडीनं येतात. घरी फुकटात हवं ते खायला मिळत असताना लोक तिथं का येतात? कारण त्या म्हाताऱ्याच्या हातची चव आणि ते टेबल मशीनमधून निघत नाही. आणि टेबलं मोजकी आहेत. मग आज रात्री कुणाला बसायला मिळणार? आधी येईल त्याला, ओळखीच्याला, का लॉटरीनं? स्टार ट्रेकमधलाच दुसरा कॅप्टन पिकार्ड, त्याच्या घराण्याचा फ्रान्समधे द्राक्षमळा आहे, ती जमीन त्यांच्याकडंच का, दुसऱ्या कुणाला तिथं राहावंसं वाटलं तर? सिरीयल याची उत्तरं देत नाही. मुंबईत समुद्रासमोरच्या फ्लॅटचं जे आहे तेच हे. सिमेंट, सळई, लिफ्ट सगळं फुकट झालं तरी समुद्राकडं तोंड करणाऱ्या खिडक्या तेवढ्याच राहतात. जागा, दुसऱ्या माणसाचा वेळ, अस्सल जुनी वस्तू आणि मान, या चार गोष्टींचा रेप्लिकेटर निघत नाही. जेकचं कार्ड यातलंच. त्याची हुबेहूब कॉपी तो कधीही काढू शकला असता पण वडलांना ती द्यावी असं त्याच्या मनातही येत नाही.

स्टार ट्रेकवाल्यांनाही हे अवघड गेलंय हे दिसतं. १९६७ च्या ट्रिबलवाल्या एपिसोडमधे तर सरळसरळ क्रेडिट्समधे घासाघीस चालू असते, तो केसाळ गोळा कितीला द्यायचा म्हणून. नंतर नेक्स्ट जनरेशन या पुढच्या सिरीयलच्या काळात स्टार ट्रेकचा जनक जीन रॉडनबेरीनं ठरवलं की पैसा नाही म्हणजे नाही, आणि तिथं लिहिणाऱ्या रॉन मूरनं पुढं उघड सांगितलंय की त्याला हे कधीच पटलं नव्हतं. कॅप्टन सिस्को एकदा आपल्या ॲकॅडमीच्या दिवसांची आठवण सांगतो, की सुरुवातीला घरची इतकी आठवण यायची की रोज रात्री जेवायला ट्रान्सपोर्टरनं, म्हणजे माणसाला क्षणात दुसरीकडं पोचवणाऱ्या यंत्रानं, घरी जायचो, आणि त्यावर महिन्याचे ट्रान्सपोर्टर क्रेडिट्स संपले असतील असं बोलणं होतं. म्हणजे रेशन होतंच. आणि व्हॉयेजर या आणखी एका स्टार ट्रेक सिरीयलमधे जहाज घरापासून कैक वर्षांच्या अंतरावर अडकतं, ऊर्जा जपून वापरायची म्हणून प्रत्येकाला रेप्लिकेटरचं ठरावीक रेशन मिळतं, तर लगेच लोक त्या रेशनवर पैजा लावायला लागतात. बिनपैशाच्या समाजात वाढलेली माणसं, तुटवडा आला की हाताशी असेल त्याचा पैसा करतात.

हे नुसतं कल्पनेतलं नाहीये. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत कैदी असलेल्या आर. ए. रॅडफर्ड नावाच्या अर्थतज्ज्ञानं सुटका झाल्यावर १९४५ साली एक लेख लिहिला, छावणीतल्या बाजाराबद्दल. रेड क्रॉसची पार्सलं यायची, सगळ्यांना साधारण सारखीच, आणि त्यातल्या सिगारेटींचा आपोआप पैसा झाला. जॅमचा भाव सिगारेटीत, पावाचा भाव सिगारेटीत, शर्ट धुवून घ्यायचा तर सिगारेटी. पार्सलं लांबली की लोक सिगारेटी ओढून संपवायचे आणि भाव पडायचे, नवीन पार्सलं आली की परत चढायचे. कुणी सांगितलं नव्हतं, ना सरकार ना बँक.

बरं, पैशाशिवायचं भविष्य ही आयडिया स्टार ट्रेकपेक्षा कितीतरी जुनी आहे. एडवर्ड बेलामी नावाच्या अमेरिकन लेखकानं १८८८ साली एक कादंबरी आणली, तिचा हिरो १८८७ साली बोस्टनमधे झोपतो आणि थेट २००० साली उठतो. त्या २००० सालात नाणी नाहीत, नोटा नाहीत, बँका नाहीत. प्रत्येक माणसाला दर वर्षी सरकारी खात्यात सारखीच रक्कम जमा होते आणि त्याला एक पुठ्ठ्याचं कार्ड मिळतं, खरेदी केली की दुकानातला माणूस त्यावर टोचा मारून तेवढी रक्कम वजा करतो. त्या कार्डाला बेलामीनं क्रेडिट कार्ड हाच शब्द वापरलाय. दुकानात फक्त नमुने ठेवलेले, ऑर्डर नळीतून गोदामात जाते आणि माल तिकडून घरी पोचतो. आज आपण घरबसल्या जे करतो ते बघता हे वाचताना अंगावर काटा येतो.

पण मला त्या पुस्तकात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. सगळ्यांना सारखंच मिळणार असेल तर खाणीत कोण उतरेल? बेलामीचं उत्तर असं, की जे काम लोकांना नको असेल त्याचे तास कमी करायचे, इतके कमी की कुणीतरी आपणहून तयार होईल. म्हणजे मजुरीचा भाव तसाच राहिला की, फक्त तो रुपयाऐवजी तासात मोजला. आणि जो धडधाकट असून कामच करायला नकार देईल त्याला? एकट्याला कोंडायचं आणि कबूल होईपर्यंत पाव आणि पाण्यावर ठेवायचं. हे वाक्य पुस्तकात सहज येऊन जातं पण मी तिथं थांबलो होतो. पैसा काढून टाकला की माणसाला कामाला लावण्यासाठी दुसरं काहीतरी लागतं, आणि ते दुसरं काहीतरी पैशापेक्षा मवाळ असेलच असं नाही.

आपल्याला तर हे लांब जाऊन शोधायची गरज नाही. माझं आजोळ सातारा जिल्ह्यातलं, आणि बलुत्याचा अगदी शेवटचा काळ मी लहानपणी बघितलाय. सुगी झाली की सुतार खळ्यावर यायचा, आजी पायलीनं धान्य मोजून त्याच्या पोत्यात घालायची, वर दोन पेंढ्या. वर्षभर त्यानं नांगर, कुळव, बैलगाडीचं काय काय दुरुस्त केलेलं असायचं, त्याचा भाव कधी ठरला नव्हता, कुणी लिहून ठेवलं नव्हतं. मला ते फार सुंदर वाटायचं, पैशाशिवाय गाव चालतंय. पुढं मोठा झाल्यावर त्याच सुतारमामांशी बोललो तेव्हा ते म्हणाले, पोरगं पिंपरीला कंपनीत लागलं, त्याला महिन्याला रोख मिळतं, कुणाच्या खळ्यावर उभं राहावं लागत नाही. एवढंच बोलले आणि परत कामाला लागले. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की पोतं घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ते दृश्य कसं दिसत असेल. धान्य किती घालायचं ते घालणाऱ्याच्या मनावर, कमी घातलं तर बोलायची सोय नाही, आणि काम सोडून दुसरं धरायचं तर जात आडवी.

सुतार तरी कारागीर. महार वतनातल्या माणसाला तर दिवसरात्र सरकारी आणि गावकीची कामं आणि बदल्यात थोडी जमीन आणि दारोदार मागून आणायचं बलुतं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं, त्यातली एक तरतूद अशी होती की या बलुत्याचं रोख करात रूपांतर करावं, म्हणजे माणसाला हक्काचा पगार मिळेल आणि कुणाच्या दारात जावं लागणार नाही. ज्या माणसानं रुपयाच्या प्रश्नावर आख्खा प्रबंध लिहिला, १९२३ साली तो पुस्तकरूपात आला, त्याला पैसा म्हणजे काय हे पुरतं माहीत होतं. देऊन मोकळं होता येणं आणि घेऊन मोकळं होता येणं, मी वर लक्षात ठेवा म्हटलं ते हे. पैसा हातात पडला की व्यवहार फिटला, आता तुझा माझा उपकार नाही, मी उद्या दुसरीकडं जाऊ शकतो. बिनपैशाच्या भविष्याची गोष्ट वाचताना मी कायम हे शोधतो, की इथून माणसाला निघून जाता येतं का.

या बाबतीत मला सगळ्यात प्रामाणिक वाटलेली कादंबरी म्हणजे अर्सुला ले ग्विनची द डिस्पोझेस्ड, १९७४ ची. अनारेस नावाचा एक कोरडा, गरीब चंद्र आहे, तिथं अराजकवादी लोकांनी येऊन पैसा, मालकी, सरकार काहीच नसलेला समाज उभा केलाय. त्यांच्या भाषेतसुद्धा माझं म्हणायची पद्धत नाही, छोटी पोरगी माझा रुमाल म्हणत नाही, मी वापरते तो रुमाल म्हणते. लेखिकेचं त्या समाजावर प्रेम आहे हे पानापानावर जाणवतं, आणि तरीही ती लपवाछपवी करत नाही. दुष्काळ पडतो, एक ट्रेन मधेच अडकून पडते, आणि शेजारच्या गावातले लोक, ज्यांच्याकडं स्वतःपुरतंच आहे, प्रवाशांना खायला देत नाहीत. शेवेक नावाचा भौतिकशास्त्रज्ञ आहे, त्याचं संशोधन छापायचं तर साबुल नावाच्या सीनियरची मर्जी लागते आणि तो त्याबदल्यात लेखक म्हणून आपलंही नाव घुसवतो. पैसा नाही पण वशिला आहे. शेजाऱ्यांचं मत आहे, आणि ते मत पोलिसापेक्षा जड आहे. मग हाच शेवेक जुळ्या ग्रहावर, भांडवलशाही उरासवर जातो आणि पहिल्यांदा बाजाराचा रस्ता बघतो, दुकानामागं दुकान, कोट, दिवे, खेळणी, आणि त्याला भोवळ येते, कारण तिथं यातली एकही वस्तू बनवली जात नाही, बनवणारे हात कुठंच दिसत नाहीत, नुसते विकणारे आणि घेणारे. दोन्हीकडचं दुखणं एकाच पुस्तकात इतक्या जवळून दाखवणं मी दुसरीकडं फार कमी बघितलंय.

पैशाच्या जागी इज्जत ठेवली तर? कोरी डॉक्टरोच्या २००३ च्या कादंबरीत व्हफी नावाचं एक खातं प्रत्येकाच्या नावावर असतं, लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलले की वाढतं, वाईट बोलले की घटतं, आणि चांगलं टेबल, चांगली खोली सगळं त्यावर. लाइक्सच्या जमान्याच्या आधी लिहिलंय हे. बऱ्याच लोकांना ती आयडिया इतकी आवडली की ते तिला आदर्श मानायला लागले, तर पुढं २०१६ मधे डॉक्टरोनं स्वतःच लिहिलं की असं चलन भयंकर ठरेल, ज्याच्याकडं आहे त्याच्याकडंच ते अजून गोळा होतं. इयन बँक्सच्या कल्चर मालिकेत तर सगळंच अमाप आहे, अख्खी कृत्रिम जगं, राहायला वाटेल तेवढी जागा, आणि तिथल्या लोकांच्या मते पैसा हे गरिबीचं लक्षण. तरी २००० सालच्या कादंबरीत एका मोठ्या संगीतकाराची मैफल ठरते, प्रत्यक्ष बसून ऐकायच्या सीट मोजक्या, आणि बघता बघता लोक तिकिटासाठी एकमेकांना काय काय कबूल करायला लागतात, ज्यांचं तोंड बघायची इच्छा नाही त्यांना जेवायला बोलावतात. तिथलंच एक पात्र म्हणतं की यांनी पैशाचा परत शोध लावला.

आता दुसरी बाजू, जिथं पैसा आहे आणि लेखकानं तो नीट विचार करून बनवलाय. नुसतं क्रेडिट्स म्हणून सोडून देणारे लेखक मला कंटाळवाणे वाटतात. फ्रँक हर्बर्टच्या ड्यूनमधे, १९६५, वाळवंटी ग्रहावरचे फ्रेमेन लोक मेलेल्या माणसाच्या शरीरातलं पाणीसुद्धा काढून घेतात, ते टोळीचं पाणी. कादंबरीचा तरुण नायक पॉल एका द्वंद्वात त्यांच्यातल्या जेमिसला मारतो तेव्हा जेमिसचं पाणी मोजलं जातं, तेहतीस लिटर आणि वर काही थेंब, आणि तेवढ्याचे धातूचे छल्ले पॉलच्या हातात ठेवले जातात. पाणी टोळीच्या टाकीत, छल्ले त्याच्याकडं. म्हणजे ही पाण्यावर काढलेली नोट झाली, आपल्याकडं पूर्वी नोटेमागं चांदी असायची तशी. हातात मेलेल्या माणसाचं वजन खुळखुळतंय हे कळून त्या पोराची जी अवस्था होते ती वाचताना पैसा कशाच्या बदल्यात आहे हा प्रश्न माझ्यासाठी कायमचा बदलला. अँडी वीअरच्या २०१७ च्या आर्टेमिसमधे चंद्रावरच्या गावात जे चलन चालतं त्याचं एक एकक म्हणजे पृथ्वीवरून एक ग्रॅम सामान चंद्रावर अलगद उतरवायचा खर्च. चंद्रावर दुर्मिळ काय? पृथ्वीवरून आलेलं वजन. मग त्याचंच चलन. किती सरळ आणि किती बरोबर.

तारे-ताऱ्यांमधल्या व्यापाराचं मात्र वेगळंच दुखणं आहे, व्याजाचं. पॉल क्रुगमन, ज्यांना पुढं २००८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी तरुणपणी १९७८ मधे यावर एक पेपर लिहिला होता, तो रीतसर जर्नलमधे छापून यायला २०१० उजाडलं. प्रश्न असा. समजा सगळ्यात जवळच्या ताऱ्याकडं, प्रॉक्झिमाकडं, जो साधारण ४.२ प्रकाशवर्षं लांब आहे, तिकडं कर्ज काढून माल न्यायचाय आणि तिकडचा माल घेऊन परत यायचंय. जहाज प्रकाशाच्या ९९ टक्के वेगानं जातंय. पृथ्वीवर साडेआठ वर्षं होतात, पण आईनस्टाईनच्या नियमानं जहाजावरच्या घड्याळात जेमतेम चौदा-पंधरा महिने. मग ८ टक्के दरानं व्याज कुठल्या घड्याळाप्रमाणं लावायचं? जहाजाच्या घड्याळानं मूळ रकमेवर दहा टक्क्यांच्या आसपास चढतं, पृथ्वीच्या घड्याळानं रक्कम जवळपास दुप्पट होते. क्रुगमन म्हणतात पृथ्वीच्या, कारण तेच पैसे बँकेत ठेवले असते तर इथं तेवढी वर्षं वाढलेच असते, सावकाराला जहाजातल्या घड्याळाशी काय घेणं. आणि हा तर जवळचा तारा आणि अचाट वेग धरलाय. अर्ध्या वेगानं गेलं तर जाऊन येऊन १७ वर्षं, रक्कम ३.७ पट, आणि जहाजाचा खर्च वेगळाच. एवढं वाढून परवडेल असा कुठला माल आहे? धान्य नाही, लोखंड नाही, सोनंही नाही. परवडेल ती फक्त माहिती, कारण ती रेडिओनं प्रकाशाच्या वेगानं जाते आणि तिला जहाज लागत नाही. म्हणून ज्या गोष्टीत वार्पसारखी पळवाट नाही आणि तरी धान्याची जहाजं ताऱ्यांमधे फिरतायत तिथं लेखकानं हिशोब केला नाही असं समजायला हरकत नाही.

शेवटी एक दार. फिलिप के. डिकची युबिक, १९६९ साली आलेली, गोष्ट घडते १९९२ मधे. जो चिप नावाचा माणूस, कायम कडका, आपल्याच घरात उभा आहे आणि त्याला दार उघडायचंय. दार म्हणतं, पाच सेंट. त्याच्याकडं नाहीत. उद्या देतो म्हणतो, दार ऐकत नाही. मी तुला देतो ते खुशीनं देतो, द्यायलाच पाहिजे असं नाही, असं तो म्हणतो तर दार सांगतं, घर घेताना सही केलीस तो करार काढून बघ. तो काढून बघतो, आणि दाराचं बरोबर असतं. मग तो स्वयंपाकघरातली सुरी आणून दाराचे स्क्रू काढायला बसतो आणि पहिला स्क्रू खाली पडतो तसं दार म्हणतं, मी तुझ्यावर केस करीन. या घरात चहा-दुधाचं कपाट, कॉफीचं भांडं सगळं नाणं टाकल्यावर चालतं. तुटवडा इथं कशाचाच नाही, दार उघडायला काही खर्च येत नाही. तुटवडा मुद्दाम कुलूप लावून तयार केलाय. हे वाचताना मला दर महिन्याला खात्यातून कापून जाणारी सबस्क्रिप्शन्स आठवतात, विकत घेतलेल्या वस्तूतलंच एखादं बटण चालू ठेवायचे पैसे आठवतात, आणि पन्नास वर्षांपूर्वी एका माणसाला हे एवढं स्वच्छ कसं दिसलं असेल याचं मला अजून नवल वाटतं.

जो चिप स्क्रू काढतच असतो तेवढ्यात बाहेर त्याचा ओळखीचा माणूस येऊन उभा राहतो. जो चिप आतून ओरडून सांगतो, माझ्या बाजूनं यंत्र अडकलंय वाटतं, जरा तिकडून एक नाणं टाक. बाहेर नाणं खणखणत आत पडतं आणि दार उघडतं.